‘शक्यता नाकारता येत नाही’ म्हणजे नेमके किती टक्के?

गेल्या अंकात अमेरिकेतल्या मर्सीहर्स्ट विद्यापीठाविषयी लिहिलं होतं. एफबीआयमधून निवृत्त झालेल्या रॉबर्ट हायबल यांनी १९९२ साली पेनसिल्व्हेनियातल्या ईरी शहरी तिथे गुप्तवार्ता विश्लेषणाचा अभ्यासक्रम सुरू केला. नाव भारदस्त असलं तरी विद्यार्थ्यांच्या हाती गुपित काहीच नसतं. उघड माहिती वाचून जगातल्या घडामोडींचे लेखी अंदाज बांधायचे, असा तो उद्योग. त्यावर आलेल्या पत्रांचा सूर एकच होता : आम्हाला हे इथे करता येईल का? येईल. त्यातल्या काही प्रश्नांची उत्तरं पुढे देत आहोत.

प्रश्न : आमच्या कॉलेजात सहा जणांचा गट आहे. ‘अमुक देशातला तणाव येत्या महिन्यात वाढेल’ असा अंदाज आम्ही लिहिला. महिन्यानंतर तिघं म्हणाले खरा ठरला, तिघं म्हणाले चुकला. निवाडा कसा करायचा? (बी.ए. तृतीय वर्ष, नांदेड)

उत्तर : निवाडा होणारच नाही, कारण प्रश्नच मोजण्याजोगा नव्हता. ‘तणाव’, ‘अस्थिरता’, ‘चिघळणं’ हे शब्द अग्रलेखात चालतात, अंदाजाच्या वहीत नाही. कोण, नेमकी कोणती कृती, कोणत्या तारखेच्या किती वाजेपर्यंत (आणि कुठल्या देशाच्या घड्याळाने), आणि ती घडली हे कोणत्या नोंदीवरून मानायचं, या चार गोष्टी प्रश्नातच लिहिलेल्या हव्यात.

सरावासाठी श्रीलंकेचा जुलै २०२२ घ्या. ९ जुलैला जमाव कोलंबोच्या राष्ट्राध्यक्ष निवासात घुसला. राष्ट्राध्यक्ष गोटाबाया राजपक्षे १३ तारखेला राजीनामा देतील, असं सभापतींनी त्याच रात्री सांगितलं. १३ तारखेला ते मालदीवला निघून गेले, रनिल विक्रमसिंघे हंगामी राष्ट्राध्यक्ष झाले, पण राजीनाम्याचा पत्ता नाही. १४ तारखेला त्यांनी सिंगापूरहून पत्र पाठवलं. १५ तारखेला सभापतींनी ते स्वीकारल्याचं जाहीर केलं आणि राजीनामा १४ पासून लागू धरला.

आता ‘१४ जुलैपर्यंत गोटाबाया जातील का?’ या प्रश्नाचं काय कराल? ‘जाणं’ म्हणजे देश सोडणं धरलं तर १३ लाच उत्तर ‘हो’. ‘राजीनामा स्वीकारल्याचं सभापती १४ पर्यंत जाहीर करतील का?’ असं विचारलं तर उत्तर ‘नाही’. ‘राजीनामा १४ किंवा त्याआधीच्या तारखेपासून लागू होईल का?’ असं विचारलं तर ‘हो’. घटना एकच, पण शब्द बदलला की निकाल उलटतो. तिथल्या राज्यघटनेच्या अनुच्छेद ३८ नुसार राष्ट्राध्यक्षांचा राजीनामा सभापतींच्या नावे लेखी द्यावा लागतो, हे आधी वाचलेल्याने प्रश्न नीट मांडला असता. म्हणून प्रश्न लिहिण्यापूर्वी त्या देशाच्या घटनेतलं किंवा कायद्यातलं संबंधित कलम काढून वाचा. हा अर्धा तास वाया जात नाही.

आणखी दोन गोष्टी. प्रश्न लिहिणारा आणि निकाल देणारा माणूस त्या प्रश्नावर अंदाज बांधणारा नसावा. सहांपैकी एकाने आळीपाळीने हे काम घ्यावं. आणि मुदत एक ते सहा महिन्यांची ठेवा. तीन वर्षांनी काय होईल याचा निकाल लागेपर्यंत तुमचा गट पांगलेला असेल.

प्रश्न : अंदाज टक्केवारीत द्यायचा हे कळलं, पण पहिला आकडा आणायचा कुठून? आम्ही बातम्या वाचतो आणि मग अंदाजपंचे काहीतरी लिहितो. (सांगलीहून एक वाचक)

उत्तर : बातम्या आधी वाचता, तिथेच गाडी चुकते. ताजी बातमी आकड्याला आपल्याकडे ओढते. आधी इतिहासात मोजदाद करा आणि मगच आजचा पेपर उघडा.

‘नेपाळचा पंतप्रधान येत्या सहा महिन्यांत बदलेल का?’ हा प्रश्न घेऊ. प्रजासत्ताक झाल्यानंतरचे पहिले पंतप्रधान पुष्पकमल दहल ऊर्फ ‘प्रचंड’ ऑगस्ट २००८ मध्ये आले. तेव्हापासून सप्टेंबर २०२५ पर्यंतच्या साधारण २०५ महिन्यांत त्या खुर्चीवरचा माणूस १३ वेळा बदलला. म्हणजे सरासरी कारकीर्द १६ महिन्यांच्या आसपास. कोणत्याही एका महिन्यात खुर्ची जाण्याची शक्यता साधारण १/१६, टिकण्याची १५/१६, म्हणजे ०.९३७५. सहा महिने टिकण्यासाठी हा आकडा सहा वेळा गुणायचा : ०.६८. तेव्हा बदलाची शक्यता ३२ टक्के. तीन महिन्यांसाठी १८ टक्के, वर्षासाठी ५४. वर्तमानपत्र न उघडता तुम्ही ३२ वर येऊन बसलात, आणि ही बैठक बरीच भक्कम आहे.

मुदतीनुसार आकडा बदलला पाहिजे, ही साधी गोष्ट नवशिके हमखास विसरतात. तीन महिन्यांसाठीही ३० आणि वर्षासाठीही ३० लिहितात. ज्या गटाच्या वहीत असं दिसेल त्याने मोजलेलं नाही, असं समजा.

मोजायचा संच कुठला, हाही प्रश्न असतो. पाकिस्तानात १९४७ पासून एकाही पंतप्रधानाने पाच वर्षांची मुदत पुरी केलेली नाही, हे खरं आणि ऐकायला झणझणीत. पण सहा महिन्यांच्या प्रश्नाला त्यातून फारसं काही मिळत नाही. तुमच्या प्रश्नाच्या मुदतीशी जुळणारी मोजणी हवी. शक्य असेल तर दोन-तीन वेगवेगळे संच घ्या. आकडे जवळपास आले तर निर्धास्त व्हा. फार लांब पडले तर कोणता संच आजच्या परिस्थितीला जवळचा, हे दोन ओळींत लिहा.

मग आजची परिस्थिती पाहून आकडा सरकवा, एका कारणासाठी पाच ते पंधरा अंकांच्या वर नाही. इथे नेपाळच्या घटनेतलं एक कलम चांगलाच चकवा देतं. अनुच्छेद १०० प्रमाणे पंतप्रधानाच्या नेमणुकीनंतर पहिली दोन वर्षं अविश्वासाचा ठराव आणता येत नाही. हे वाचून विद्यार्थी आकडा ३२ वरून थेट ५ वर आणतात. पण त्याच अनुच्छेदात असंही आहे की सरकारातल्या पक्षाने पाठिंबा काढला तर पंतप्रधानाने ३० दिवसांत विश्वासमत घ्यायचं. प्रचंड यांचं सरकार १२ जुलै २०२४ ला पडलं ते याच वाटेने. नेपाळात नजर ठेवायची ती मित्रपक्षाच्या पाठिंब्याच्या पत्रावर; अविश्वास ठरावाची वाट पाहत बसलात तर सरकार पडल्यावर कळेल.

आणि प्रचंड यांच्यानंतर पंतप्रधान झालेले के. पी. शर्मा ओली? ४ सप्टेंबर २०२५ ला २६ समाजमाध्यमांवर बंदी आली, ८ तारखेला काठमांडूत निदर्शनं झाली, गोळीबारात त्या दिवशी १९ जण गेले, संध्याकाळी गृहमंत्र्यांनी राजीनामा दिला, ९ तारखेला पंतप्रधान गेले. वरच्या हिशेबाने एका आठवड्यात बदल होण्याची शक्यता दीड टक्क्याच्या आत येते. ७ सप्टेंबरला ‘या आठवड्यात २ टक्के’ लिहिणारा मूर्ख ठरत नाही. ८ च्या रात्रीही २ च लिहिणारा मात्र वही मिटून झोपला होता. पंधरा अंकांची मर्यादा नेहमीच्या दिवसांसाठी असते, अशा रात्रीसाठी नव्हे.

प्रश्न : आकडे कशाला? ‘शक्यता आहे’, ‘दाट शक्यता आहे’ एवढं पुरत नाही का? आकड्याने खोटी अचूकता येते असं मला वाटतं. (निवृत्त पत्रकार, ठाणे)

उत्तर : हा आक्षेप जुना आहे आणि त्याला मिळालेलं उत्तरही. मार्च १९५१ मध्ये अमेरिकी गुप्तवार्ता मंडळाने लिहिलं की त्या वर्षी युगोस्लाव्हियावर सोव्हिएत गटाकडून हल्ला होण्याची ‘गंभीर शक्यता’ आहे. मसुद्यावर सगळ्यांची सहमती होती. नंतर त्या मंडळातल्याच शर्मन केंट यांनी सहकाऱ्यांना विचारलं, या शब्दांतून तुम्हाला किती अभिप्रेत होतं? उत्तरं २० टक्क्यांपासून ८० टक्क्यांपर्यंत पसरली. केंट यांच्या स्वतःच्या मनात ६५ होते. एकाच कागदाखाली माना डोलावणारे लोक वेगवेगळे अंदाज करत होते आणि कुणालाही ते कळलं नव्हतं.

मराठीत तर आपला लाडका वाक्प्रचार आहेच, ‘शक्यता नाकारता येत नाही’. हे १ टक्क्यालाही खरं आणि ९९ टक्क्यांनाही. लिहिणारा कधीच पकडला जात नाही, म्हणून ते इतकं लोकप्रिय. ‘बहुतेक’चीही तीच गत : कुणाचं बहुतेक ५५, कुणाचं ९०.

अमेरिकी विश्लेषकांच्या आजच्या नियमात सात पायऱ्या आहेत. त्या मराठीत अशा वापरता येतील : १ ते ५ टक्के जवळजवळ अशक्य, ५ ते २० फारच कमी शक्यता, २० ते ४५ कमी शक्यता, ४५ ते ५५ निम्मी-निम्मी, ५५ ते ८० जास्त शक्यता, ८० ते ९५ दाट शक्यता, ९५ ते ९९ जवळजवळ नक्की. आधी आकडा ठरवा, मग शब्द लावा. उलट केलंत तर शब्दाच्या वजनाने आकडा वाकतो.

खोट्या अचूकतेबद्दल : ६३ आणि ६५ मधल्या फरकाचा आग्रह कुणी धरत नाही. ६५ आणि ८५ मधला मात्र खरा असतो. आणि शक्यता किती हे वेगळं, आपल्या माहितीवर आपला भरवसा किती हे वेगळं. ‘३० टक्के, माहिती तुटपुंजी, भरवसा कमी’ अशा दोन वेगळ्या नोंदी ठेवा, एका वाक्यात त्यांची खिचडी करू नका.

प्रश्न : गुण कसे द्यायचे? आम्ही ‘बरोबर’ आणि ‘चूक’ अशा खुणा करतो. (पुण्याहून एम.ए.ची विद्यार्थिनी)

उत्तर : ७० टक्के म्हटलं आणि घडलं नाही, तर ती ‘चूक’ नाही, दहांत तीनदा असं व्हायचंच. त्यासाठी अमेरिकी हवामान खात्यातल्या ग्लेन ब्रायर यांनी १९५० मध्ये सुचवलेला गुणांक वापरतात. घडलं तर १, नाही घडलं तर ०. त्यातून तुमचा अंदाज (दशांशात, म्हणजे ८० टक्के असतील तर ०.८) वजा करा, वर्ग करा, सगळ्या प्रश्नांची सरासरी काढा. जितका कमी तितका चांगला.

तीन प्रश्न घ्या. ८० म्हटलं, घडलं : ०.०४. ३० म्हटलं, नाही घडलं : ०.०९. ९५ म्हटलं, नाही घडलं : ०.९०. सरासरी ०.३४. दर प्रश्नाला डोळे मिटून ५० लिहिणाऱ्याला ०.२५ मिळतात, म्हणजे तो तुमच्यापुढे! तिसऱ्या प्रश्नावर ९५ ऐवजी ७० लिहिलं असतं तर सरासरी ०.२१ वर आली असती. अति आत्मविश्वासाची किंमत वर्गाने वाढते. ९५ च्या वर जाण्याआधी स्वतःला विचारा, अशी वीस विधानं केली तर त्यातलं एकच खोटं ठरेल ना?

ब्रायर यांच्या मूळ सूत्रात ‘घडेल’ आणि ‘घडणार नाही’ दोन्ही बाजू मोजतात, त्यामुळे आकडा दुप्पट होतो आणि ५०-५० ला ०.५ मिळतात. इंटरनेटवरच्या कुणाशी तुलना करण्याआधी कोणतं सूत्र आहे ते पाहा. आपण फार हुशार आहोत असं अचानक वाटू लागलं तर बहुधा हाच घोळ असतो.

दीर्घ प्रश्नांत रोजचा आकडा मोजा. ९० दिवसांचा प्रश्न आहे, शेवटी घटना घडली. तुम्ही ८० दिवस ३० वर बसलात आणि शेवटचे १० दिवस ९० वर गेलात, तर गुणांक ०.४४. तीच उडी ६० व्या दिवशी मारली असती तर ०.३३. म्हणून आठवड्यातून एक ठरलेला वार ठेवा आणि उघड्या असलेल्या प्रत्येक प्रश्नाचा आकडा नव्याने लिहा, बदल नसला तरी तारखेसह.

आणि घाईने निष्कर्ष काढू नका. ७० टक्क्यांचे दहा अंदाज असतील तर त्यातले ५ ते ९ खरे ठरणं हे निव्वळ नशिबानेही सहज होतं. शंभरेक निकाल जमेपर्यंत ‘माझे ७० हे खरोखर ७० असतात’ असं म्हणता येत नाही. सोपे प्रश्न निवडून गुणांक सुंदर करण्याची चोरवाटही आहे. त्यावर उपाय एकच : सगळ्यांनी तेच प्रश्न सोडवायचे आणि शेजारी निव्वळ इतिहासाच्या मोजणीचा (नेपाळचे ते ३२) गुणांकही लिहायचा. त्याला हरवलंत तरच बातम्या वाचल्याचा उपयोग झाला.

प्रश्न : गटाचा एक आकडा कसा काढावा? आमच्यात एक जण फार बोलतो आणि सगळे त्याच्याकडे झुकतात. (नांदेडच्याच गटाकडून)

उत्तर : बोलण्याआधी प्रत्येकाने चिठ्ठीवर आकडा आणि एक ओळ कारण लिहायचं. चिठ्ठ्या एकदम उघडायच्या. समजा २०, २५, ३०, ३५ आणि ८० आले (सहावा निकाल देणारा). सरासरी ३८, मधला आकडा ३०. मधला घ्या. पण त्याआधी ८० वाल्याला पहिलं बोलू द्या. त्याच्याकडे एखादी बातमी असेल किंवा त्याने प्रश्नच चुकीचा वाचला असेल. बऱ्याचदा दुसरंच निघतं. चर्चेनंतर पुन्हा चिठ्ठ्या. सारखं बोलणाऱ्याने शेवटी बोलायचं, हा नियम भिंतीवर लावा.

प्रश्न : स्रोतांची पारख कशी करावी? रशियाने २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला केला तेव्हा इतक्या जाणकारांचे अंदाज का फसले? (कोल्हापूर)

उत्तर : स्रोताला दोन वेगळे शेरे द्या. नाटोच्या पद्धतीत माणूस किंवा संस्था किती भरवशाची यासाठी ‘ए’ ते ‘एफ’, आणि ही विशिष्ट माहिती किती खरी वाटते यासाठी १ ते ६. यातला ‘एफ’ म्हणजे सर्वांत वाईट नव्हे, तर ‘पारखता येत नाही’. ६ चंही तसंच. नवं टेलिग्राम चॅनेल ‘एफ’ असतं, खोटारडं ठरलेलं ‘ई’. एकच बातमी पाच ठिकाणी दिसली तर मूळ उगम शोधा. पाचही जण एकाच वृत्तसंस्थेची तार छापत असतील तर पुरावा एकच.

रशियाबाबत दोन गोष्टी नडल्या. एक, ‘पुतिनच्या जागी मी असतो तर हे केलं नसतं, कारण तोट्याचं आहे’ हा विचार. त्यांच्या जागी तुम्ही नव्हता, आणि तोट्याचा हिशेब त्यांचा वेगळा होता. दुसरी गोष्ट पुराव्याच्या वजनाची. रिचर्ड्स ह्यूअर यांनी सीआयएच्या विश्लेषकांसाठी मांडलेल्या तक्त्यात वर स्पर्धक शक्यता लिहितात, डावीकडे पुरावे, आणि प्रत्येक चौकोनात ‘जुळतो की नाही’. सीमेजवळ लाखाच्या वर सैन्य जमणं हे ‘फक्त दबाव’ आणि ‘खरा हल्ला’ दोन्हींशी जुळतं. म्हणून पुरावा ठसठशीत असूनही निवड करायला निरुपयोगी. उलट जानेवारी २०२२ च्या अखेरीस रक्ताचा साठा आघाडीजवळ नेल्याची बातमी आली. साठवलेलं रक्त सहा आठवड्यांच्या आसपासच टिकतं. नुसत्या धमकीसाठी ते कोण नेईल? दोन शक्यतांमध्ये फरक पाडणारी अशी ओळ शोधणं हेच त्या तक्त्याचं खरं काम. तक्ता भरला म्हणजे पूर्वग्रह गेले असं मात्र समजू नका. नंतरच्या प्रयोगांत तसा भरवसा मिळालेला नाही.

फुकट मिळणारं पुष्कळ आहे : सेंटिनेल-२ उपग्रहाची १० मीटर स्पष्टतेची चित्रं, नासाचे आगींचे नकाशे, उप्साला विद्यापीठाच्या संघर्षांच्या नोंदी. दहा मीटरमध्ये रणगाडा ओळखता येत नाही, पण नवी छावणी किंवा धावपट्टी दिसते.

प्रश्न : हे कायद्यात बसतं का? (अनेक पालक)

उत्तर : प्रसिद्ध झालेल्या माहितीवर अंदाज बांधणं, हो. लष्करी ठिकाणाजवळ जाऊन फोटो काढणं, ओळखीच्या जवानाला तुकडीची हालचाल विचारणं, फुटलेले गोपनीय कागद उतरवून घेणं, नाही. १९२३ चा शासकीय गुपिते कायदा विद्यार्थी म्हणून सूट देत नाही.

प्रश्न : मग हे आणि ज्योतिष यात फरक काय? (साताऱ्याहून, थोड्या खोचकपणे)

उत्तर : खोचक असलात तरी प्रश्न रास्त आहे. याचं उत्तर पुण्यातच आहे. जयंत नारळीकर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये २०० मुलांच्या पत्रिका जमवल्या, निम्म्या हुशार मुलांच्या, निम्म्या मतिमंद मुलांच्या. ज्योतिषांनी प्रत्येकी ४० पत्रिकांवरून मूल कोणत्या गटातलं ते सांगायचं. २७ जणांनी उत्तरं पाठवली. सरासरी यश ४६ टक्के, नाणेफेकीइतकंच. परीक्षा कशी हवी ते इथे पाहा : उत्तर काय मानायचं ते आधी ठरलेलं, आणि चुकलेलीही मोजलेली. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ फिलिप टेटलॉक यांच्या गटाने २०११ ते २०१५ अशीच चाचणी राजकीय अंदाजांची घेतली, आणि तिथे सामान्य लोकांपैकी वरचे दोन टक्के वर्षामागून वर्ष वर राहिले. दोन्हीकडे चाळणी तीच होती. एका चाळणीत काही उरलं, दुसऱ्या चाळणीत नाही.

प्रश्न : मी द्राक्षं युरोपला पाठवतो. तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाल्यावर माल आफ्रिकेला वळसा घालून गेला, दहा-पंधरा दिवस वाढले. असे अंदाज मला कामाचे आहेत का? (नाशिक)

उत्तर : आहेत, पण ‘युद्ध थांबेल का’ हा तुमचा प्रश्न नव्हे. तुमचा प्रश्न असा : ‘१ फेब्रुवारी ते ३१ मार्च या काळात माझी जहाज कंपनी जाहीर वेळापत्रकात सुएझमार्गे फेरी ठेवेल का?’ निकाल वेळापत्रक पाहून लागतो.

मग टक्क्याचं पैशात रूपांतर करा. समजा, उशीर झाला तर एका कंटेनरमागे ८ लाखांचं नुकसान, आणि आधीच माल दुसऱ्या पेठेत वळवला तर दीड लाख कमी मिळतात. दीडला आठने भागा : साधारण १९ टक्के. उशिराची शक्यता १९ च्या वर असेल तर वळवणं स्वस्त, खाली असेल तर थांबणं. अंदाज ४० आहे की ५५ यावर वाद घालण्यात तुम्हाला काही फायदा नाही, दोन्ही रेषेच्या वरच आहेत. पण तो १५ आहे की २५ यावर मात्र एक संध्याकाळ घालवा. हे आकडे तुमच्या बागेचे, तुमच्या गिऱ्हाइकाच्या कराराचे घाला, आणि तोडणीच्या तीन आठवडे आधी पुन्हा काढा, कारण त्यानंतर माल वळवायचा खर्च दीड लाख राहत नाही.